कुत्र्यामांजराचे वैर : एक शंका

समासाच्या तासाला सरांनी एक गमतीची गोष्ट सांगितली. ज्यांचे वैर कायमचे, त्यांच्या नावांचा द्वंद्व समास संस्कृतात एकवचनी होतो, असा पाणिनीचा नियम आहे. साप आणि मुंगूस, मांजर आणि उंदीर ही त्याची नेहमीची उदाहरणे. पतंजलीच्या महाभाष्यात तर श्रमण आणि ब्राह्मण यांचीही जोडी येते. मागच्या बाकावरून कोणीतरी "कुत्रा-मांजर, सर!" असे ओरडले आणि वर्गात हशा पिकला. मला हसू आले नाही. एक तर आमच्या घरात त्या नियमाचा अपवाद सहा वर्षे नांदला होता. आणि दुसरे म्हणजे साप-मुंगसाच्या पंगतीत माणसे बसवलेली मला खटकली. त्या दुसऱ्या कारणाकडे मी पुढे येईन.

सहा वर्षांपूर्वी धानाची मळणी आटोपल्यावर वाडीतल्या तणसाच्या ढिगात एका मांजरीने पिले घातली. महिनाभरात मांजर कुठे गेली कोण जाणे, पिलांतले एकच जगले. त्याच आठवड्यात धाकट्या भावाने रस्त्यावरचे एक काळे कुत्र्याचे पिलू शर्टात लपवून आणले. आजी कडाडली, "कुत्र्यामांजराचं कधी जमते का बाप्पा? एकाले तरी सोडून ये!" पण कडाक्याची थंडी होती. रात्रीपुरते म्हणून दोघांना चुलीजवळ एकाच पोत्यावर टाकले, ते दोघे तिथेच वाढले. कुत्रा काळू, मांजर मनी. नावे ठेवण्यात आमच्या घराण्याची कल्पकता एवढीच. मनी काळूच्या पोटाशी झोपे, काळू तिचे कान चाटी. भांडण होई ते फक्त दुधाच्या वाटीवरून, आणि तसे तर ते भावाभावांतही होतेच.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. हाच काळू गल्लीतल्या दुसऱ्या कोणत्याही मांजराला झाडावर चढवल्याशिवाय राहत नसे, आणि मनी दुसऱ्या कुत्र्याची चाहूल लागताच कवेलूंवर पोचे. तेव्हा त्यांना काही विश्वबंधुत्वाचा साक्षात्कार झाला नव्हता. ओळख होती ती एकाची एकाशी.

ही ओळख होते कशी, याचा विद्वानांनीही शोध घेतला आहे. झिंग-यांग कुओ नावाच्या चिनी मानसशास्त्रज्ञाने १९३० साली मांजरांवरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. उंदीर मारणाऱ्या आईजवळ वाढलेल्या २१ पिलांपैकी १८ उंदीर मारू लागली. एकटी वाढवलेल्या २० पैकी ९. आणि लहानपणापासून उंदराबरोबर एकाच पिंजऱ्यात वाढलेल्या १८ पैकी फक्त ३. आता सांगा, मांजर-उंदराचे वैर शाश्वत म्हणायचे की आईने दिलेली शिकवण? एकट्या वाढलेल्यांतही नऊ जणांनी उंदीर मारलाच, म्हणजे रक्तात काहीच नसते असेही नाही. पण रक्ताचा वाटा आपण समजतो त्यापेक्षा बराच कमी दिसतो.

पुढच्या संशोधकांना असे आढळले की मांजराच्या पिलाचे मन जन्मानंतर सुमारे दुसऱ्या ते सातव्या आठवड्यापर्यंत, आणि कुत्र्याच्या पिलाचे तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंत नवी नाती जोडायला विशेष मोकळे असते. त्या दिवसांत जो जवळ असेल तो आपला. काळू आणि मनी आमच्या पोत्यावर आले ते नेमके याच दिवसांत. थंडीने आणि आजीच्या दयेने ते जमवून आणले, आम्हांला त्यातले काही ठाऊक नव्हते.

उरलेले बरेचसे वैर भाषेचे असावे. कुत्रा शेपूट हलवतो तो बहुधा आनंदाने. मांजर शेपूट आपटते ते चिडून. कुत्रा पंजा उचलतो तो खेळायला बोलावण्यासाठी. मांजरीचा उचललेला पंजा म्हणजे फटक्याची सूचना. अर्थ उलटे, म्हणून गैरसमज पक्का. पण तेल अवीव विद्यापीठातील संशोधकांनी एका घरात राहणारी कुत्री-मांजरे पाहून २००८ साली लिहिले आहे की, मांजर सहा महिन्यांच्या आत आणि कुत्रा वर्षाच्या आत घरात आला तर दोघांचे चांगले जमते. इतकेच नव्हे, तर ते एकमेकांच्या खुणांचा अर्थ लावायला शिकतात. मांजरे एकमेकांना नाकाला नाक लावून भेटतात, ती रीत कुत्रेही उचलतात. काळू रोज सकाळी मनीला तसाच भेटे. आजी म्हणे, "राम राम करून राह्यला पाय!"

गेल्या माघात, बालाजीच्या घोडायात्रेच्या दिवसांत, बिबट्याने काळूला नेले.

चिमूरच्या माणसाला यात नवल नाही. ताडोबाचे जंगल आपल्या दाराशी आहे, आणि त्या कडेच्या गावांत अंगणातला कुत्रा हे बिबट्याचे हातचे अन्न. दुसऱ्या दिवशी गल्लीतले लोक म्हणाले, ही जातच नष्ट केली पाहिजे. खरे सांगायचे तर त्या दिवशी मलाही तसेच वाटले. बिबट्या म्हणजे अखेर मांजराच्याच कुळातला. पाणिनीचा नियम जिंकला म्हणायचा!

मग हेमलकशाची आठवण झाली. भामरागडजवळच्या त्या जंगलात बाबा आमटे यांनी १९७३ च्या डिसेंबरात लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. तेव्हा तो मुलूख आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यात होता. गडचिरोली वेगळा झाला १९८२ साली. शिकार झालेल्या माकडिणीचे जिवंत पिलू डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी माडिया शिकाऱ्यांकडून मागून घेतले, आणि तिथून त्यांच्या अंगणात पोरक्या जनावरांचा गोतावळा जमत गेला. त्यात बिबट्या होता, अस्वल होते, हरिण होते आणि कुत्राही होता. लहानपणापासून एकत्र वाढल्याने ती एकमेकांच्या अंगाखांद्यावर खेळत. विलास मनोहर यांचे 'नेगल' हे पुस्तक त्यातल्याच एका बिबट्याच्या नावाचे. आपल्यापैकी अनेकांनी ते वाचले असेल.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो खोटा नाही. तिथल्या बिबट्याला आयते खायला मिळते. आमच्या नाल्यातला बिबट्या उपाशी असतो. काळूला नेणाऱ्याचे काळूशी वैर नव्हतेच, त्याला भूक होती. पण मग त्याला वैर का म्हणायचे? आपण बकरा कापतो तेव्हा बकऱ्याचे आणि आपले शाश्वत वैर आहे असे कोणी म्हणत नाही. (हे वाचून कोणी बिबट्याचे पिलू घरी आणू नये. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे, आणि पिलाची आई बहुधा जवळच असते.)

आता ते दुसरे कारण. आमच्या आणि चुलत्यांच्या घरात एकच भिंत आहे आणि शेतात एकच धुरा. त्या धुऱ्यावरून वाद झाला तेव्हा मी सात वर्षांचा होतो. चुलतभाऊ माझ्याच वयाचा. त्याआधी आम्ही एका ताटात जेवलो आहोत. मग मोठ्यांनी सांगितले, त्यांच्याकडे जायचे नाही. आम्ही गेलो नाही. आज तो याच महाविद्यालयात आहे, समासाच्या त्या तासाला दोन बाक पुढे बसला होता, आणि माझ्या आठवणीप्रमाणे तोही हसला नाही. कुओच्या त्या २१ पिलांची हकिगत वाचली तेव्हा मला मांजरे आठवली नाहीत. शिकवणाऱ्यांनी आम्हांला काय शिकवले ते आठवले. आमच्या घरी अजूनही म्हणतात, "त्यायचं आपलं जमतच नाही." हे वाक्य व्याकरणाच्या नियमासारखे बोलले जाते, आणि माझा राग आहे तो या सुरावर. धुऱ्याचा वाद कोर्टात मिटेल किंवा मिटणार नाही. पण जे काल लावले ते मुळापासूनच होते असे पोरांना सांगणे हा खोटेपणा आहे.

काळू गेला त्या रात्री आम्ही टॉर्च आणि काठ्या घेऊन नाल्यापर्यंत गेलो. मागून आणखी एक टॉर्च आला. चुलतभाऊ होता. लहानपणी भिंतीवर बसून तो काळू-मनीचा खेळ पाही, हे मला ठाऊक होते. झुडपातून त्याने काळूचा पट्टा उचलून माझ्या हातात दिला. "इथं पडला होता," एवढेच बोलला. मीही काही बोललो नाही. चौदा वर्षांत बोलायची सवय गेली होती.

उन्हाळ्यात भावाने दुसरे पिलू आणले आहे, तांबडे. मनी आता सहा वर्षांची. तिची ती नाती जोडायची आठवडे कधीच सरली. पिलू पोत्यावर झोपते आणि मनी चुलीवरच्या फळीवर बसून गुरगुरते. परवा पिलाने तिच्या वाटीतले दूध पिऊन टाकले. ती फळीच्या कडेपर्यंत आली, बराच वेळ खाली पाहत राहिली, आणि परत आत सरकून बसली.