ट्यूलिपचे बी आणि सात वर्षांचा सब्र

ट्यूलिपच्या बियांची पाकिटे आता मोबाइलवर आणि शहरांतल्या किरकोळ दुकानांतही मिळू लागली आहेत. पाकिटावर निळे, काळे, कधी कधी सप्तरंगी फूल छापलेले असते आणि मागच्या बाजूला लिहिलेले असते, "कुंडीत पेरा, पाणी द्या, दोन महिन्यांत फुले." माल हलका, नफा बरा, खराब होण्याची भीती नाही. त्यामुळे आपले काही तरुण दुकानदार विचारतात की जोडधंदा म्हणून हा माल ठेवावा का. माझे मत स्पष्ट आहे. ठेवू नये. या मताची कारणे सांगताना थोडी बागकामाची माहिती द्यावी लागेल, ती वाचकांनी सहन करावी.

मी कापडाचा व्यापारी, माळी नव्हे. पण उर्दू शाळेत शिकलेल्या माणसाला हे फूल परके नाही. 'लाला' हा शब्द आम्ही फूल न पाहताच पाठ केला. लाल रंगाचे, पोटात काळा डाग असलेले फूल, एवढेच मास्तर सांगत. आपल्या लिपीत 'लाला' आणि 'अल्लाह' ही दोन्ही नावे त्याच अक्षरांनी लिहिली जातात. त्यामुळे तुर्कांनी या फुलाला इतका मान दिला की मशिदींच्या फरशांवर आणि रेशमी कापडावर ते जागोजागी दिसते. युरोपात त्याचे जे 'ट्यूलिप' नाव झाले ते तुर्की 'तुलबेंद' या शब्दावरून, म्हणजे पगडीचे पातळ मलमली कापड. तेव्हा कापडवाल्याने या विषयावर दोन शब्द बोलायला हरकत नसावी.

आता बियांचे. फूल गळाले की देठावर तीन कप्प्यांचे बोंड तयार होते. ते हिरव्याचे तपकिरी होऊन आपोआप उकलेपर्यंत तोडायचे नाही. आत बिया नाण्यांच्या थप्पीसारख्या एकावर एक रचलेल्या असतात, चपट्या आणि कागदासारख्या पातळ. बी उजेडासमोर धरले तर मध्ये काळसर रेघ दिसते. ती अंकुराची. रेघ नसेल तर बी पोकळ, ते टाकून द्यावे. पेरणी थंडीच्या तोंडावर, वाळू मिसळलेल्या मातीत, खोल कुंडीत करायची. त्यानंतर दोन-तीन महिने चार-पाच अंशांची थंडी लागते, नाहीतर बी उगवत नाही. डोंगराळ मुलुखात ही थंडी अल्लाह देतो, आपल्याकडे ती फ्रिजमधून आणावी लागते. ओलसर वाळूत बी घालून पिशवी खालच्या खणात ठेवतात.

उगवते ते काय? कांद्याच्या रोपासारखी एक बारीक पात. पहिल्या वर्षी तेवढेच. उन्हाळा लागताच तीही वाळते आणि लोक कुंडी मेली समजून माती फेकतात. मातीत मात्र गव्हाच्या दाण्याएवढा कंद तयार झालेला असतो. त्याला उन्हाळाभर कोरडे ठेवून पुढच्या हिवाळ्यात पुन्हा थंडी द्यायची. दुसऱ्या वर्षी पुन्हा एकच पान, जरा रुंद. तिसऱ्या वर्षीही तेच. कंद दरवर्षी स्वतःला आणखी खाली ओढून घेतो, म्हणून उथळ कुंडीत त्याचा तळाशी कोंडमारा होतो. ज्या वर्षी दोन-तीन पाने आली, त्या वर्षी फुलाची आशा धरावी. एकच पान असेल तर फूल नाही, ही खूण पक्की. रानजातींना चार-पाच वर्षे लागतात, बागेतल्या मोठ्या जातींना पाच ते सात.

म्हणजे दोन महिन्यांची बोली सरळ सरळ खोटी आहे. शिवाय बागेतले ट्यूलिप संकरित असतात, त्यांच्या बियांतून आईसारखे फूल येत नाही. डार्विन संकर नावाच्या मोठ्या, लालभडक जाती तर बहुतेक वांझच असतात. निळा ट्यूलिप जगात कोठेही नाही. जांभळ्या रंगालाच व्यापारी निळा म्हणतात. मग त्या पाकिटात काय असते ते पाकीट भरणाऱ्यालाच ठाऊक. आपल्या गल्ल्यावरून असा माल गेला तर ग्राहक सात वर्षे थांबत नाही, दोन महिन्यांनी दुकानात येतो आणि पुढच्या वेळी कापडाच्या रंगाबद्दलही आपल्यावर भरवसा ठेवत नाही. ऐब असलेला माल ऐब सांगूनच विकावा, हे आपल्याला कोणी नव्याने शिकवायला नको.

कंद विकणे वेगळे. थंडी दिलेला कंद आपल्याकडेही हिवाळ्यात एकदा फुलतो. पण मालेगाव, औरंगाबाद, नागपूरचा उन्हाळा त्याला मानवत नाही, दुसऱ्या वर्षी फुलेलच असे नाही. ग्राहकाला हे आधी सांगितले तर व्यवहार साफ राहतो. खुद्द श्रीनगरची ट्यूलिपची बाग, जी २००७ साली दल सरोवराजवळ झबरवानच्या पायथ्याशी खुली झाली, तिच्यासाठीही कंद हॉलंडहून आणावे लागले. आणि काश्मीर तर असे की तिथे मातीच्या छपरांच्या मशिदींवर लाला उगवत असे. जहांगीर बादशहाचा चित्रकार उस्ताद मन्सूर याने काढलेले काश्मीरच्या लाल ट्यूलिपचे चित्र आज अलीगढला आहे. फूल आपल्या घरचे, कंद परदेशचा. पालमपूरच्या सरकारी संशोधन संस्थेने हिमाचलात कंद तयार करण्याचे काम हाती घेतले आणि २०२२ मध्ये तिथे बागही उघडली, ही त्यातल्या त्यात चांगली गोष्ट.

बी इतके कंटाळवाणे असेल तर ते पेरायचेच कशाला? माझ्या मते आपल्या धंद्यासाठी खरा मुद्दा इथे आहे. कंद म्हणजे नक्कल. एका कंदातून निघालेले सारे कंद तेच फूल देतात, जसे जॅकार्डचे तेच पत्ते चढवले की तोच नमुना उतरतो. नवा नमुना फक्त बियांतून येतो. इस्तंबूलच्या लोकांनी हे ओळखले होते. सुलतान सुलेमानचे शैखुल-इस्लाम अबुस्सऊद यांच्या नावावरही ट्यूलिपची एक जात सांगतात. पुढे सुलतान अहमद तिसरा याच्या काळात, १७१८ ते १७३०, या शौकाला इतका जोर आला की त्या वर्षांना तुर्कीत 'लाला दौर' हेच नाव पडले. नव्या रोपाचे फूल जाणकारांच्या सभेपुढे ठेवले जाई आणि पसंत पडले तरच त्याला नाव मिळे. कंदांचे भाव फार चढले तेव्हा सरकारने भावपत्रक काढले. खंजिरासारख्या टोकदार पाकळ्यांची ती फुले आज फक्त चित्रांत उरली आहेत. दरबार मोडला, सांभाळणारे गेले आणि वाणही गेले.

हॉलंडमध्ये उलटे घडले. १५९३ मध्ये क्लुसियस नावाच्या वनस्पतीशास्त्रज्ञाने लायडनच्या बागेत कंद लावले. १६३६-३७ च्या हिवाळ्यात तिथे सट्टा माजला. कंद जमिनीत, माल कोणी पाहिलेला नाही आणि चिठ्ठ्या हातोहात फिरत होत्या. फेब्रुवारी १६३७ मध्ये गिऱ्हाईक आटले आणि भाव कोसळले. झाडावरचे कच्चे फळ विकायला आपल्याकडे मनाई का आहे, हे ज्याला समजावून घ्यायचे असेल त्याने हा किस्सा वाचावा. गंमत म्हणजे ज्या पट्टेदार फुलांसाठी सर्वांत जास्त पैसे मोजले गेले, ते पट्टे रोगाचे होते. मावा किडीने पसरवलेला विषाणू कंदाला वर्षागणिक दुबळा करत होता. हे कळायला १९२० नंतरचा काळ उजाडला. हा रोग कंदातून पुढे जातो, बियांतून जात नाही.

सट्टा बुडाला, पण डच शेतकऱ्याने शेती सोडली नाही. बी पेरत राहिला. त्याचा हिशेब पाहा. बियांपासून पहिले फूल यायला सहा वर्षे धरा. त्यातले पसंतीचे एखादेच. त्या एका कंदाचे वर्षाला दोन झाले तरी हजार व्हायला दहा वर्षे जातात, आणि हजार कंद म्हणजे बाजाराच्या दृष्टीने काहीच नाही. नवी जात बाजारात यायला वीस वर्षे लागतात ती अशी. एवढी वर्षे भांडवल अडकवणाऱ्याच्याच हातात आज जगाचा कंदांचा बाजार आहे.

आपल्या यंत्रमागाच्या गल्ल्यांत काय चालते? एका मागावर नवी किनार चालली की आठवड्यात ती दहा मागांवर चढते, महिन्यात भाव पडतो आणि ज्याने किनार काढली तो इतरांच्या बरोबरीने तोटा खातो. मग पुन्हा कोणी नवे काढतच नाही, सुरतेच्या नमुन्याची वाट पाहतो. वास्तविक २००० सालच्या डिझाइन कायद्याखाली नव्या नमुन्याची नोंद करता येते. हक्क दहा वर्षांचा, पुढे पाच वर्षांची मुदतवाढ. अट एवढीच की नमुना बाजारात दाखवण्याआधी अर्ज गेला पाहिजे. आपले कारागीर आधी थान विकतात आणि नक्कल झाल्यावर वकील शोधतात. संघटनांनी दरवर्षीच्या जेवणावळीतला थोडा खर्च या अर्जांच्या फीकडे वळवला तर निदान पाच-दहा घरांत नवे काढण्याची हिंमत येईल.

हे सर्व वाचूनही ज्यांना घरी बी लावून पाहायचे आहे त्यांना मी अडवणार नाही. मुलांना दाखवायला यासारखी गोष्ट नाही. मात्र संकरित जातीचे बी घेऊ नये. तार्दा किंवा स्प्रेंगेरी अशा रानजातीचे, त्याच वर्षी काढलेले बी मागावे. स्प्रेंगेरी मूळची तुर्कस्तानातल्या अमास्याची. तिथे रानातून ती नाहीशी झाल्यात जमा आहे, पण बियांतून सहज उगवते म्हणून बागांत जगली आहे. फ्रिजमध्ये पिशवी ठेवण्याआधी घरच्या बाईमाणसांची परवानगी घ्यावी, आणि पेरणीची तारीख कुंडीवर ऑइलपेंटने लिहावी. कागदाची चिठ्ठी दोन पावसाळेसुद्धा टिकत नाही.