एलेनॉर रूझवेल्ट यांचे उड्डाण आणि त्याआधीचा परवाना

मार्च १९४१. अमेरिकेच्या अध्यक्षांच्या पत्नी एलेनॉर रूझवेल्ट यांनी अलाबामातील टस्कीगी येथे एका छोट्या विमानातून फेरफटका मारला. वैमानिक होते चार्ल्स अल्फ्रेड अँडरसन, कृष्णवर्णीय. या प्रसंगाचे छायाचित्र जगप्रसिद्ध आहे. या एका उड्डाणाने कृष्णवर्णीयांना लष्करी विमानदलाची दारे उघडली, ही त्यासोबत सांगितली जाणारी कथाही तितकीच प्रसिद्ध. कथा गोड आहे, पण तारखा तिला साथ देत नाहीत. कृष्णवर्णीयांच्या ९९व्या स्क्वाड्रनची घोषणा १६ जानेवारीलाच, म्हणजे उड्डाणाच्या दोन महिने आधी झाली होती.

या घोषणेचे मूळ शोधायचे तर हौशी वैमानिकाच्या साध्या परवान्याकडे वळावे लागते.

१९२९ साली मुंबईत जे. आर. डी. टाटांना भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला. त्याच वर्षी पेनसिल्व्हेनियात २२ वर्षांच्या अँडरसनला एकही प्रशिक्षण संस्था शिकवायला तयार नव्हती. त्याने कर्ज काढून जुने विमान विकत घेतले आणि बव्हंशी स्वतःच उडवायला शिकला. असे धाडस वंदनीय खरे; पण विमानच विकत घ्यावे लागत असेल तर त्या वाटेने किती जण जाणार?

वाट रुंद केली ती १९३९ च्या नागरी वैमानिक प्रशिक्षण कायद्याने. त्यामागचा हेतू उदात्त वगैरे नव्हता. युरोपात युद्धाचे ढग जमले होते आणि सरकारला वैमानिकांची राखीव फळी हवी होती. म्हणून वर्षाला २०,००० महाविद्यालयीन तरुणांना सरकारी खर्चाने खासगी वैमानिकाचा परवाना मिळवून देण्याची योजना आखली गेली: ७२ तास वर्गात हवामान, दिशानिर्धारण व हवाई नियम, आणि ३५ ते ५० तास प्रत्यक्ष उड्डाण, आधी शिक्षकासोबत, मग एकट्याने. कायद्यात एक कलम घातले गेले: वंश, पंथ वा वर्णावरून कोणाला हे प्रशिक्षण नाकारता येणार नाही. टस्कीगी, हॉवर्ड अशा कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्था याच कलमाच्या आधारे योजनेत आल्या.

लष्कराच्या युद्ध महाविद्यालयाने १९२५ च्या अहवालात कृष्णवर्णीयांना बुद्धीने आणि धैर्याने उणे ठरवले होते. आता तेच तरुण गोऱ्यांइतकेच तास उडून, त्याच चाचण्या देऊन परवाने मिळवू लागले. हॉवर्डचा विद्यार्थी यान्सी विल्यम्स असाच परवानाधारक. लष्करी विमानदलाने त्याचा अर्ज नाकारला तेव्हा त्याने जानेवारी १९४१ मध्ये न्यायालयाची वाट धरली. ‘यांना उडता येत नाही’ ही सबब सरकारनेच दिलेल्या परवान्यासमोर टिकणारी नव्हती. घोषणा आली ती नेमकी याच सुमारास. तीही वेगळ्या, विभक्त स्क्वाड्रनची. समानता देण्याइतकी उदारता लष्कराला तेव्हाही सुचली नाही.

एलेनॉर यांचे श्रेय यामुळे शून्य होत नाही. ज्या रोझेनवाल्ड निधीच्या त्या विश्वस्त होत्या, त्याच्या कर्जातून टस्कीगीचे मोटन फील्ड उभे राहिले. तेथे लष्करी उमेदवारांना उड्डाणाचे पहिले धडे देणाऱ्यांचे प्रमुख होते अँडरसन. लष्करी हुद्दा नसलेले, नागरी शिक्षक.