गाडी कुठे थांबते, ते मागची सीट ठरवते



तीन आठवडे चॅनेलवर नवीन व्हिडिओ नाही, तर बऱ्याच जणांनी विचारलं, "सर, बरे आहात ना?" बरा आहे. जूनमध्ये इंग्लंडला होतो. धाकट्या बहिणीचं घर लीड्सला आहे, ती चार वर्षं बोलवत होती. आई, सौ. आणि मी असे तिघं गेलो, तिथे भाड्याने गाडी घेतली आणि नऊ दिवस यॉर्कशायरच्या खेड्यापाड्यांतून फिरलो. लंडन आम्ही विमानतळापुरतंच पाहिलं.

पण प्रवासवर्णन लिहायला मी बसलेलो नाही. मला एक चूक कबूल करायची आहे, आणि त्या चुकीची किंमत मी नाही, माझ्या एका विद्यार्थिनीने भरली आहे.

माझ्या बॅचला बसलेल्यांना माझं एक वाक्य पाठ असेल. "जागा हायवेला मिळाली की निम्मा धंदा झाला." वर्षानुवर्षं हे मी फळ्यावर लिहीत आलोय. दोन वर्षांपूर्वी राहुरी तालुक्यातल्या एका ताईंनी ते मनावर घेतलं. लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल, गूळ, काकवी, बाजरीच्या खारोड्या असा त्यांचा माल. मालात खोट काढायला जागा नाही, माझ्या घरी अजून तेच तेल येतं. त्यांनी नगर-मनमाड रस्त्याला गाळा घेतला. 75 हजार डिपॉझिट, महिना 9 हजार भाडं, त्यातले बरेचसे पैसे बचत गटाच्या कर्जातून. नऊ महिन्यांत गाळा सोडावा लागला. सोडायच्या आधी त्या मला एवढंच म्हणाल्या, "सर, गाड्या दिसतात हो. थांबत नाहीत."

तेव्हा मी म्हणालो की मार्केटिंग कमी पडलं. हे वाक्य आमच्या धंद्यात फार सोयीचं आहे. सल्ला देणाऱ्यावर काही येत नाही. खरं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ते मला मिळालं तिकडे गाडी चालवताना.

गाडी चालवण्याचं सांगतो, कारण बरेच जण घाबरतात. आपलं भारतातलं लायसन्स ब्रिटनमध्ये बारा महिने चालतं, आणि तिथेही आपल्यासारखंच डावीकडून जायचं असतं. पाट्यांवर आकडे मैलांचे असतात, एवढं डोक्यात ठेवायचं. खेड्यातले रस्ते मात्र आपल्या पांदीएवढे. दोन्ही बाजूंना दगड नुसते रचून केलेल्या भिंती, मध्ये एकच गाडी मावेल एवढा रस्ता, आणि थोड्या थोड्या अंतरावर बाजूला व्हायला फुगवटा. समोरून गाडी आली की कुणीतरी थांबतं, दुसरा हात वर करून आभार मानतो आणि जातो. पहिल्या दिवशी माझ्या मागे पाच गाड्यांची रांग लागली होती. कुणी हॉर्न वाजवला नाही. मला वाजवला असता तर बरं वाटलं असतं.

तर मुद्दा. गाडी मी चालवत होतो, म्हणून कुठे थांबायचं ते मीच ठरवतोय असं मला वाटत होतं. तिसऱ्या दिवशी रात्री खर्चाची डायरी लिहिताना लक्षात आलं की आम्ही ज्या ज्या ठिकाणी थांबलो, पैसे खर्च केले, त्यातलं एकही ठिकाण मी निवडलेलं नव्हतं. सगळी मागच्या सीटने निवडली होती. आईचं वय 71, तिला शुगर आहे, दीड-दोन तासांनी तिला टॉयलेट लागतं. सौ. तिच्या शेजारी बसून बाहेर बघत असायची आणि म्हणायची, "अहो, पुढे डावीकडे चहा आहे, टॉयलेट आहे, पाचपर्यंत उघडं आहे. घ्या आत." हे सगळं तिला गाडीतून न उतरता कळत होतं. का? तर पाटीवर लिहिलेलं होतं. आणि ती पाटी दुकानावर नव्हती, वळणाच्या आधी रस्त्याच्या कडेला, येणाऱ्या गाडीकडे तोंड करून उभी होती.

आता हिशोब करा. ताशी 80 किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात 22 मीटर जाते. पाटी वाचायची, घरच्यांना विचारायचं, मागे आरशात बघायचं, वेग कमी करायचा, याला दहा सेकंद धरले तरी 220 मीटर झाले. म्हणजे तुमची पाटी दुकानाच्या दोन-अडीचशे मीटर आधी हवी. आपल्याकडे पाटी कुठे असते? शटरच्या वर, रस्त्याला समांतर. ती वाचता येते तेव्हा गाडी दुकानासमोरून निघून चाललेली असते. त्या पाटीवर मोठ्या अक्षरात काय असतं? देवाचं नाव, मग कुलदैवताचं नाव, मग प्रोप्रायटरचं नाव, मग त्याच्या दोन मुलांचे फोटो. काय मिळतं ते खाली बारीक. भाव तर नाहीच. श्रद्धेला माझा विरोध नाही, देवाचं नाव असूद्या. पण प्रोप्रायटर कोण आहे हे वाचून आजवर कुणी ब्रेक मारलेला नाही.

परत आल्यावर मी मुद्दाम नगर ते शिर्डी गाडी चालवत गेलो, परक्या माणसाच्या नजरेने. राहात्याच्या पेरूवाल्यांपासून रसवंत्यांपर्यंत शेकडो लोक रस्त्याला माल घेऊन बसलेत. भाव लिहिलेल्या पाट्या एका हाताच्या बोटांवर मोजता आल्या. गाडीतल्या माणसाला भीती पेरूची नसते. उतरलो, भाव विचारला, जास्त वाटला आणि न घेता परत फिरलो तर तो माणूस काय म्हणेल, याची असते. ही भीती तुम्ही एका खडूने घालवू शकता.

आणि टॉयलेट. यावर मी कधीच बोललो नव्हतो, कारण मला पुरुष म्हणून ते कधी अडलंच नाही. गाडीत बाई असेल, म्हातारं माणूस असेल, लहान लेकरू असेल, तर गाडी टॉयलेटसाठी थांबते. चहा, भेळ, पेरू, गूळ हे सगळं त्यानंतर विकलं जातं. पुण्याहून शिर्डीला निघालेल्या कुटुंबाला विचारा, त्यांना मधली हॉटेलं कशावरून लक्षात आहेत. मिसळ कुठली चांगली हे नवरा सांगेल. थांबायचं कुठे, ते बायको सांगेल, आणि तिचं कारण मिसळ नसेल. ताईंच्या गाळ्याला टॉयलेट नव्हतं. त्या स्वतः दिवसभर शेजारच्या पंपावर जायच्या. मी तो गाळा बघायला गेलो होतो, वर्दळ बघून खूश झालो होतो, आणि हा एक प्रश्न मी त्यांना विचारला नाही.

तिकडची दुसरी गोष्ट म्हणजे माणूस नसलेलं दुकान. शेतकऱ्याच्या फाटकाला एक लाकडी कपाट टांगलेलं असतं. आत अंडी, जॅमच्या बाटल्या, घरचा केक. भाव लिहिलेला, शेजारी पैसे टाकायची पेटी. घ्या, पैसे टाका, जा. एका ठिकाणी आम्हाला अंडी घ्यायची होती, पण पेटीत फक्त नाणी टाकायची सोय, आणि आमच्याकडे नुसतं कार्ड. अंडी तिथेच ठेवून आलो. या बाबतीत आपला रसवंतीवाला त्यांच्या पुढे आहे, त्याच्या चरकावर क्यूआर कोड चिकटवलेला असतो!

हे मी बॅचमध्ये सांगितलं की लगेच कुणीतरी हसतं. "सर, आपल्याकडे पेटीसकट नेतील." नेतीलही. चोरी तिकडेही होते, म्हणून काही पेट्या साखळीने बांधलेल्या असतात. पण हे म्हणणारा माणूस नगर जिल्ह्यातला असावा याचं मला नवल वाटतं. घरांना दारं नाहीत म्हणून देशभर माहीत असलेलं शनिशिंगणापूर आपल्या नेवासे तालुक्यात आहे. युको बँकेने 2011 मध्ये तिथे बिनकुलपाची शाखा काढली. तिथे देवाचा धाक आहे, मान्य. पण पेटी ठेवणारा शेतकरीही देवावर सोडून देत नाही, तो हिशोब करतो. डझनभर अंडी विकायला दिवसभर माणूस बसवला तर मजुरीच अंड्यांपेक्षा जास्त होते. त्यापेक्षा आठवड्याला दोन-चार अंडी गेलेली परवडली. तुम्हाला पेटी ठेवा असं मी म्हणत नाही. ताईंनी नऊ महिने रोज दहा तास त्या गाळ्यात बसून काढले, त्या वेळेची किंमत आम्ही दोघांनीही कुठे मांडली नव्हती, एवढंच म्हणतोय.

आता दुधाकडे येतो, कारण हा विषय आपल्या जिल्ह्याच्या जिव्हाळ्याचा. वेन्स्लीडेल नावाच्या खोऱ्यात हॉज हे छोटं गाव आहे. तिथे चीज बनतं, त्याचं नावच वेन्स्लीडेल. 1992 मध्ये मालक कंपनीने तिथला कारखाना बंद केला आणि उत्पादन शेजारच्या लँकेशायरमध्ये न्यायचं ठरवलं. आपल्याकडे पैठणी येवल्याहून उचलून दुसरीकडे विणायला नेली तर लोकांना जसं वाटेल, तसं त्यांना वाटलं. जुने व्यवस्थापक आणि एक स्थानिक व्यावसायिक पुढे आले, त्यांनी कारखाना विकत घेतला आणि त्याच वर्षी परत सुरू केला. पुढे वॉलेस अँड ग्रोमिट या मातीच्या बाहुल्यांच्या कार्टूनमध्ये त्या चीजचं नाव आलं, त्याचाही मोठा हातभार लागला. आज तिथे गाड्यांचं पार्किंग आहे, चीज बनताना बघता येतं, चव घेता येते, मग दुकान. आईला चीज अजिबात आवडलं नाही. "पनीर बरं," म्हणाली. तरी क्रॅनबेरी घातलेला एक तुकडा तिनेच घ्यायला लावला, शेजारणीला दाखवायला.

आता आपला जिल्हा बघा. प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारातून 1950 मध्ये सहकारी साखर कारखाना उभा राहिला. संगमनेर, अकोले, राहाता इथलं दूध रोज बाहेर जातं. पण शिर्डीला येणाऱ्या लाखो लोकांना यातलं काय दिसतं? रस्त्यावर दुधाचा टँकर आणि उसाची ट्रॉली, आणि दोन्ही ओव्हरटेक करायची घाई. गूळ कसा होतो ते बघायला मिळालं, गरम काकवी वाटीत मिळाली, तर पुण्या-मुंबईचं पोर ते आयुष्यभर विसरणार नाही. ते आपण रस्त्यापासून लांब, धुराच्या आड करतो आणि तयार ढेप मात्र रस्त्यावर आणून विकतो. तशी ढेप त्यांना घराजवळच्या दुकानातही मिळते.

मात्र माणसं बोलावताना एक जपा. इंग्लंडला निघायच्या आधी, मे संपता संपता, आम्ही भंडारदऱ्याला काजवे बघायला गेलो होतो. पावसाआधीचे दोन-तीन आठवडे हा तिथल्या तंबूवाल्यांचा, भाकरी करणाऱ्या बायकांचा, वाट दाखवणाऱ्या पोरांचा वर्षाचा मोठा हंगाम. काजवे अंधारात दिसतात. आणि आम्ही सगळे हेडलाइट लावून, रांगेने, थेट झाडाखाली. आमच्याच उजेडाने आमचंच गिऱ्हाईक आणणारा जीव दबत होता. यॉर्कशायरमध्ये मालहम कोव्ह नावाचा प्रचंड कडा आहे, त्याच्याजवळ गाडी जातच नाही. गाडी गावात लावायची आणि पुढे चालत जायचं. त्या चालण्यात गावातले चहावाले, आइस्क्रीमवाले सगळे पोटाला लागतात. अकोल्यातल्या ज्या पोरांना या हंगामात काही करायचंय, त्यांनी पार्किंग एक किलोमीटर अलीकडे करून चालत नेण्याचे पैसे घ्यावेत. दोन गाड्या कमी येतील. येऊ द्या कमी.

परत आल्यावर मी ताईंच्या घरी गेलो. माझा सल्ला चुकला होता, असं सरळ सांगितलं. दादा काही बोलले नाहीत. ताईंनी चहा टाकला आणि म्हणाल्या, "आता काय करायचं ते सांगा." त्यांचं स्वतःचं शेत रस्त्यापासून दीड किलोमीटर आत आहे, घाणाही तिथेच. भाडं शून्य. तिथेच घाणा चालताना दाखवायचा आणि विकायचं, असं ठरतंय. रस्त्याच्या हद्दीत पाटी लावायला परवानगी लागते, म्हणून कडेच्या शेतवाल्या भाऊबंदांशी बोलणं चाललंय, त्यांच्या बांधाच्या आतल्या बाजूला पाटी लावायची. आधी बांधायचं ते टॉयलेट, महिलांसाठी वेगळं, पाण्याची टाकी आणि आतून लागणारी कडी. इथे दादा अडलेत. "संडास बांधायला धंदा करायचा का?" असं त्यांचं म्हणणं, आणि 40 हजारांचा आकडा ऐकून त्यांचं असं म्हणणं मला चुकीचं वाटत नाही. कर्जाचे हप्ते अजून चालू आहेत. हे चालेलच अशी खात्री मी यावेळी त्यांना दिलेली नाही.

परवा ताईंचा फोन आला. पेंटरकडे पाटी टाकलीय. तेलाचा भाव खडूने लिहायला जागा ठेवलीय, आणि खाली 'आज बंद' असा उलटता येणारा फळा मागितलाय. पेंटर म्हणतोय, बंद असल्याची पाटी करून देणारा मी पहिलाच. आणि वर दादांचा फोटो टाकायचा का, असंही त्याने विचारलंय.