विहार कोणाच्या नावावर?

घराघरातून वर्गणी निघाली, तरुणांनी श्रमदान केले, विहार उभे राहिले. पण जागेचा कागद कोणाच्या नावावर आहे? एकाच कार्यकर्त्याच्या असेल, तर उद्या त्याचे वारस हक्क सांगतील आणि समाज कोर्टाच्या पायऱ्या झिजवेल.

बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली. ते गेले, संस्था राहिली. आपण मात्र जयंती मंडळावरच थांबलो.

१९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात ट्रस्ट नोंदवता येतो. मग धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय ट्रस्टची जमीन विकता येत नाही. विश्वस्त बदलले, तर ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. मात्र नुसत्या नोंदणीने जागा ट्रस्टची होत नाही. बक्षीसपत्र वा खरेदीखत नोंदवावेच लागते.

वकील फक्त 'आपला' आहे म्हणून धरू नका. धर्मादाय कार्यालयात नेहमी काम करणारा, फी आधी सांगणारा, घटनेतले प्रत्येक कलम मराठीत समजावणारा वकील शोधा. विश्वस्तांची मुदत, निवड, महिलांच्या जागा, हिशेब हे आधी वस्तीच्या बैठकीत ठरवा. छापील नमुन्यावर डोळे झाकून सही करणारा समाज मालकी गमावतो.

जयभीम!