आधी चौकट बघा, मग बार

पुण्या-मुंबईत भाड्याने राहणारी तरुण मंडळी या सदराला जे प्रश्न पाठवतात, त्यांत एक हमखास असतो. भिंतीला भोक न पाडता घरात पुल-अप्सचा बार लावायचा आहे, कुठला घेऊ? करार अकरा महिन्यांचा, डिपॉझिट घरमालकाकडे अडकलेलं आणि भिंतीत साधा खिळाही ठोकायचा नाही अशी तंबी. विचारणाऱ्यांतले काही जण हौसेपोटी विचारत नसतात. सैन्यभरतीच्या शारीरिक चाचणीत बीमवर १० पुल-अप्स मारले तर ४० गुण मिळतात, ९ ला ३३, ८ ला २७, आणि ६ वर थांबलात तर १६. एकेका पुल-अपमागे पाच ते सात गुणांचा फरक. गावी तालमीच्या अंगणात सिंगल बार असतो. शिकायला किंवा नोकरीला शहरात आलेल्या मुलाने दहा बाय दहाच्या खोलीत तो आणायचा कुठून?

म्हणून हा प्रश्न मी गांभीर्याने घेतो. आणि माझं म्हणणं असं की, बार कुठला हे नंतर ठरवू. तुमच्या दाराची चौकट कशी आहे, हे आधी बघा. भोक न पाडता लावायच्या बारला स्वतःचा आधार नसतो. तो चौकटीच्या जिवावर उभा असतो. खोक्यावर १५० किलो, २०० किलो असे आकडे छापलेले असतात, पण ते फार तर बारच्या लोखंडाबद्दल काही सांगतात. तुमच्या बेडरूमची चौकट किती तोलेल, हे त्या कारखान्यातल्या कुणालाच माहीत असणं शक्य नाही.

बाजारात सर्वांत जास्त दिसतो तो दारावर अडकवायचा बार. एकही स्क्रू नाही, मिनिटभरात लागतो, तितक्याच वेळात निघतो. त्याची रचना नीट बघा. मागची आडवी दांडी दाराच्या पलीकडे, चौकटीभोवतीच्या पट्टीच्या वरच्या काठावर टेकते. पुढचा फोम गुंडाळलेला भाग अलीकडच्या बाजूने चौकटीवर दाबून बसतो. तुम्ही लटकलात की पुढचा भाग चौकटीवर रेटला जातो, मागचा भिंतीकडे ओढला जातो, आणि बार आपला आपणच आवळून बसतो. कल्पना सुरेख आहे, यात वाद नाही. पण खाली ओढणारं तुमचं सगळं वजन अखेर पलीकडच्या त्या पट्टीच्या काठावर येतं, आणि आपल्या घरांत घोडं अडतं ते तिथेच.

ही रचना बेतलेली आहे ती अमेरिकी पद्धतीच्या घरावर. तिथल्या आतल्या भिंती लाकडी सांगाड्यावर जिप्समचे बोर्ड ठोकून केलेल्या, साडेचार इंचांच्या आसपास जाडीच्या, आणि दाराभोवती दोन्ही बाजूंनी भिंतीच्या पुढे आलेली लाकडी पट्टी. आपल्याकडे बहुतेक फ्लॅटमध्ये चौकट प्लास्टरच्या पातळीतच संपते. पट्टी असलीच तर पातळ, बारीक चुकांनी ठोकलेली, कधी एकाच बाजूला. कुठल्याही सुताराला विचारा, तो सांगेल की ही पट्टी चौकट आणि प्लास्टर यांच्यातला सांधा झाकायला असते, वजन घ्यायला नव्हे. त्यात जुन्या इमारतीत नऊ इंची विटांची भिंत असेल, तर बारचे हात पलीकडे पोचतच नाहीत.

हे तपासायला पैसे लागत नाहीत. स्टुलावर चढा आणि दाराच्या पलीकडच्या बाजूने गणेशपट्टीच्या वरून बोट फिरवा. किमान अर्धा इंच पुढे आलेला, सरळ, न हलणारा काठ हाताला लागला, आणि त्या पट्टीला खालून जोर लावून पाहिल्यावर ती जराही सुटी वाटली नाही, तरच या बारचा विचार करा. नखाएवढा काठ लागला तर तो बार तुमच्या घरासाठी नाही. विक्रेता काहीही म्हणो, घेऊ नका. काठ चांगला असला तरी या बारवर झोके घ्यायचे नाहीत आणि लहान मुलांना लोंबकळू द्यायचं नाही, कारण मागून वर ढकलला गेला की तो जागेवरून उठतो. बार निसटतो तेव्हा माणूस पायांवर उतरत नाही. गुडघे दुमडलेले असतात, अंग मागे झुकलेलं असतं, आणि जमिनीला आधी लागतं ते माकडहाड किंवा डोक्याची मागची बाजू.

दुसरा प्रकार फिरवून घट्ट करायच्या बारचा. चौकटीच्या दोन उभ्या बाजूंमध्ये धरायचा आणि नळी फिरवत लांबवायचा. दोन टोकांची रबरं लाकडावर दाबून बसतात. आपल्या चौकटींत बसतो तो बहुधा हाच, म्हणून लोक निर्धास्तपणे तोच घेतात. इथे थोडा हिशेब मांडायलाच हवा. तुमचं वजन ७० किलो धरा. रबर आणि रंगवलेलं लाकूड यांच्यातल्या घर्षणाचा गुणांक ०.५ धरला, तर नुसतं शांत लटकण्यासाठी दोन्ही टोकांना प्रत्येकी ७० किलोचा आडवा दाब लागतो. खाली येताना धपकन सैल सोडलंत, तर क्षणभर वजन दुप्पट झाल्यासारखं होतं, म्हणजे दाबही १४० किलोच्या घरात हवा. लाकडावर गुळगुळीत ऑइलपेंट असेल, धूळ असेल किंवा डाग पडू नयेत म्हणून मध्ये फडकं ठेवलं असेल, तर घर्षण आणखी घटतं. फडकं ठेवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो घातक आहे. रंगाला काळा डाग पडू द्या, तो पुसता येतो.

आता हा दाब घेणारी चौकट कशी आहे ते बघा. चौकट भिंतीत होल्डफास्टने धरलेली असते आणि मधली फट सिमेंटने भरलेली असते. भराव पक्का असेल तर दाब सरळ भिंतीवर जातो आणि काळजी नाही. मागे पोकळी असेल तर बार घट्ट करता करता चौकट बाहेरच्या बाजूला वाकते. तुम्हाला वाटतं बार आवळला, आणि प्रत्यक्षात लाकूड सरकत असतं. नव्या टॉवरमध्ये तयार चौकटी नुसत्या स्क्रू आणि फोमवर बसवलेल्या आढळतात, तिथे हा धोका जास्त. बोटांच्या पेरांनी चौकट वरपासून खालपर्यंत वाजवून पाहा. सगळीकडे भरीव ‘ठक्’ असा आवाज यायला हवा. मध्येच पोकळ वाजली, किंवा बार आवळताना प्लास्टरच्या सांध्यात केसाएवढी चीर दिसली, तर तिथेच थांबा. कोकणातल्या जुन्या घरात पोकळ आवाज म्हणजे आत वाळवीही असू शकते. बाथरूमचं दार तर सरळ वगळा. तिथली चौकट बहुधा ग्रॅनाइटची किंवा संगमरवराची, वर ओल आणि साबणाचा पातळ थर. पॉलिश केलेल्या दगडावर भिजलेलं रबर टिकत नाही.

बार किती उंचीवर बसवायचा हेही आधी ठरवावं लागतं. हनुवटी बारच्या वर न्यायची तर डोक्याला जागा हवी, म्हणून गणेशपट्टीच्या खाली दहा-बारा इंच सोडा. दार सात फुटी असेल तर बार साधारण सहा फुटांवर येतो, म्हणजे गुडघे दुमडूनच लटकावं लागणार. आपल्या दारांच्या रुंदीत हात फार फाकवताही येत नाहीत. खांद्याइतकी पकड मिळते, आणि भरतीची तयारी करणाऱ्याला ती पुरते.

आणखी एक गोष्ट बार विकणारा सांगत नाही: ऋतूंची. पावसाळ्यात आपली दारं फुगतात, चौकटीही फुगतात. ऑगस्टमध्ये आवळून ठेवलेला बार थंडीत लाकूड आक्रसलं की आपोआप ढिला पडतो, आणि बघणाऱ्याला तो तसाच जागेवर दिसतो. म्हणून हा बार कायमचा लावून ठेवायची वस्तू नाही. दर वेळी नव्याने आवळायचा, आधी पाय जमिनीवर ठेवून अर्ध्या वजनाने खाली ओढून पाहायचा, मग लटकायचं. नळीला फिरू न देणारं लॉक असलेलाच बार घ्या. लॉक नसेल तर तळव्यांच्या पिळाने तो व्यायाम चालू असतानाच सैल होऊ शकतो.

अशा बऱ्याच बारच्या खोक्यात दोन छोट्या धातूच्या वाट्या आणि चार-सहा स्क्रू मिळतात. बारची टोकं या वाट्यांत बसतात. वरच्या जाहिरातीत ‘ड्रिलिंग नको’, आणि आतल्या पत्रकात, बारीक अक्षरांत, वाट्या बसवा. इथे मी ठाम आहे: चौकट लाकडाची असेल तर वाट्या बसवा. घर्षण कमी पडलं तर बार सरळ खाली येण्याऐवजी वाटीत अडकतो. भिंतीला हात लागत नाही, लाकडात स्क्रूची बारीक भोकं पडतात, घर सोडताना लांबी भरून रंगाचा हात फिरवला की ती दिसत नाहीत. घरमालकाला आधी विचारा. “काका, आतल्या दाराच्या चौकटीला व्यायामाच्या बारसाठी चार बारीक स्क्रू लावतो, जाताना लांबी भरून रंगवून देतो,” असा साधा निरोप फोनवर लिहून पाठवा आणि त्याचं उत्तर जपून ठेवा. माझा अनुभव असा की, न विचारता पडलेल्या एका भोकावर भांडणारे मालक आधी विचारलेल्या चारांना सहसा हो म्हणतात. ज्याला डिपॉझिटची भीती वाटते त्याला मी एवढंच विचारतो, तुमची कंबर आणि तुमची भरती त्या रकमेपेक्षा स्वस्त आहे का?

उभा स्टँड, ज्याला पॉवर टॉवर म्हणतात, तो जागा असलेल्यांसाठी. चौकटीशी संबंध नाही, भोक नाही, डिप्सचीही सोय. पण तो घराचा एक कोपरा कायमचा अडवतो, आणि हलका असला तर टाइल्सवर डुलतो. पाया रुंद आहे ना ते बघा, खाली रबरी मॅट घाला. खोलीची उंची साधारण नऊ फूट, स्टँड सात-साडेसात फुटांचा. वर गेलेलं डोकं आणि फिरणारा पंखा यांच्यात अंतर किती राहतं, हे स्टँड मागवण्यापूर्वी टेपने मोजा.

माझी स्वतःची पसंती मात्र ज्या घरात झोपाळ्याच्या कड्या आहेत तिथे वेगळी आहे. जुन्या वाड्यांत तुळईला आणि अनेक फ्लॅटच्या हॉलमध्ये स्लॅबमध्ये या कड्या असतात. तीन-चार माणसं बसतील असा झोपाळा पेलण्यासाठीच त्या घातलेल्या. झोपाळ्याच्या एका बाजूच्या दोन कड्यांमधलं अंतर बहुधा खांद्यांच्या रुंदीच्या जवळपास असतं. त्यांना पट्ट्याच्या जिम्नॅस्टिक रिंगा अडकवल्या की विकत घेतलेल्या कुठल्याही बारपेक्षा भक्कम साधन तयार. पट्टा खाली-वर करता येतो, त्यामुळे ज्याला एकही पुल-अप जमत नाही तो पाय जमिनीवर टेकवून, अंग तिरपं ठेवून ओढण्यापासून सुरुवात करू शकतो. कड्या बांधकामाच्या वेळी सळईत अडकवलेल्या आहेत की नंतर ठोकल्या आहेत, एवढं मालकाला विचारून घ्या. कडी झिजलेली किंवा गंजलेली असेल तर नाही. आणि पंख्याचा हूक ही झोपाळ्याची कडी नव्हे. पंख्याचं वजन जेमतेम चार-पाच किलो असतं. त्या हुकाला माणसाने लटकायचं नाही, एकदाही नाही.

हेच खिडकीच्या ग्रीलबद्दल. मुंबईच्या चाळींत आणि जुन्या सोसायट्यांत ग्रीलला धरून पुल-अप्स मारणारी मुलं मी पाहिली आहेत आणि प्रत्येक वेळी पोटात गोळा आला आहे. ग्रील स्क्रूंवर असते, स्क्रू पावसात गंजतात, आणि बाहेर मजल्यांची खोली असते.

या सगळ्या तपासणीत तुमचं घर बसलं नाही तर? बसणार नाही अशी घरं पुष्कळ आहेत. तर बार विकत घेऊ नका, असंच मी सांगेन. ओढण्याची ताकद घरात इतर मार्गांनी वाढते, जसं बॅगेत पुस्तकं भरून वाकून ओढणं. आणि प्रत्यक्ष लटकण्यासाठी बाहेर पडा. दादरच्या शिवाजी पार्कवर श्री समर्थ व्यायाम मंदिर आहे, पुण्यात कॅप्टन शिवरामपंत दामल्यांनी १९२४ साली उभी केलेली महाराष्ट्रीय मंडळ ही संस्था आहे, अमरावतीत १९१४ पासूनचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे, आणि जवळपास प्रत्येक तालुक्याच्या गावात निदान एक तालीम आहे. पालिकेच्या बागेत जमिनीत काँक्रीटने रोवलेला सिंगल बार असेल तर तो आपल्या कुठल्याही चौकटीपेक्षा विश्वासाचा. भरतीचा बीम असाच उंच आणि मोकळा असतो, पाय सरळ सोडून लटकण्याची सवय तिथेच होते. आठवड्यातले तीन दिवस पहाटे तिथे जा. पावसाळ्यात पाइप पुसायला एक कोरडा पंचा सोबत ठेवा, आणि लटकण्याआधी बुडाशी, जिथे पाइप काँक्रीटमध्ये शिरतो, तिथे गंज चढलाय का ते वाकून बघा.