विश्लेषण : गाडीत जादा दिवे बसवले, की बिघाड नेमका कुठे होतो?

घाटातले धुके आणि पावसाळी रात्री यांमुळे अनेक जण गाडीला फॉग लॅम्प, जादा वॅटचे हेडलाइट किंवा मोठा हॉर्न बसवून घेतात. काही महिन्यांत दिवे लुकलुकू लागतात, बंद पडतात किंवा बंदच होत नाहीत. मग रिले बदलला जातो आणि काही दिवसांनी तोच बिघाड पुन्हा उद्भवतो. कारण दोष अनेकदा रिलेत नसून वायर, अर्थ किंवा फ्यूजमध्ये असतो. तो वेळीच सापडला नाही तर गाडीला आगही लागू शकते.

रिले कशासाठी लागतो?

५५ वॅटचे दोन दिवे १२ व्होल्टवर सुमारे ९ अँपिअर विद्युत प्रवाह खेचतात. १०० वॅटचे दोन दिवे सुमारे १७. डॅशबोर्डवरचा स्विच आणि मूळ वायरी एवढा भार पेलण्यासाठी बनवलेल्या नसतात. रिलेची कॉइल मात्र पाव अँपिअरहूनही कमी प्रवाहावर चालते. स्विच फक्त कॉइलला जागे करतो. दिव्याचा प्रवाह बॅटरीकडून थेट जाड वायरीतून जातो. रिलेवरचे ८५ आणि ८६ हे आकडे कॉइलचे, ३० बॅटरीकडून येणाऱ्या वायरीचा आणि ८७ दिव्याकडे जाणाऱ्या वायरीचा.

दोष कसा शोधायचा?

स्विच दाबल्यावर ‘टक्’ आवाज आला नाही, तर ८५-८६ तपासावेत : एका टोकाला १२ व्होल्ट आणि दुसऱ्याला अर्थ हवा. आवाज येतो पण दिवा लागत नाही, तर ३० वर आणि मग ८७ वर व्होल्टेज पाहावे. तेही ठीक असेल तर संशयित म्हणजे दिव्याचा अर्थ. रंगावर किंवा गंजलेल्या बोल्टवर कसलेला अर्थ हे नेहमीचे कारण. रिले ‘टकटक’ करत राहिला तर कॉइलला पुरेसा किंवा सलग पुरवठा मिळत नाही. काही नव्या गाड्यांत हेडलाइटचा पुरवठाच सेकंदाला अनेकदा चालू-बंद होतो. त्यावरून रिलेचे कनेक्शन घेतले तरी हेच होते. स्विच बंद करूनही दिवा जळत राहिला, तर रिलेचे संपर्कबिंदू चिकटलेले असू शकतात.

दिवा मंद का जळतो?

दिवा चालू असतानाच मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या धन टोकावर आणि दुसरी दिव्याच्या धन टोकावर ठेवावी. अर्ध्या व्होल्टहून बरेच अधिक दिसले, तर वायर बारीक आहे किंवा सांधा सैल. अर्थच्या बाजूनेही अशीच तपासणी करावी. ९ अँपिअरला एका सांध्यावर २ व्होल्ट कमी झाले, तर तिथे १८ वॅट उष्णता तयार होते. नुसती टेप गुंडाळलेले जोड वितळतात ते यामुळे.

मोठा फ्यूज घातला तर?

सर्वांत धोकादायक उपाय तोच. फ्यूज दिव्यासाठी नव्हे, वायरीच्या रक्षणासाठी असतो. १५ अँपिअरचा फ्यूज वारंवार उडतो म्हणून ३० चा घातला, तर आधी वायर तापते. फ्यूज बॅटरीच्या शक्य तितक्या जवळ हवा, कारण त्याआधीच्या वायरीला काहीच संरक्षण नसते. ती घासून गाडीच्या पत्र्याला टेकली, तर तोडणारे कोणी नाही.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील उत्पादकाने ठरवलेले तपशील बदलतील असा फेरफार करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका घेतली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार, नियमबाह्य फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. बदलाची कल्पना विमा कंपनीला दिली नसेल, तर आगीनंतरचा दावाही अडचणीत येऊ शकतो.

म्हणूनच दिवे बसवताना गॅरेजमध्ये वॅटसोबत आणखी तीन गोष्टी विचाराव्यात : वायर किती जाडीची, फ्यूज कुठे आणि अर्थ कशावर?