वेताळाला शाळेतून कोणी काढले?

रक्तपिपासू भुतांच्या इंग्रजी कादंबऱ्यांनी आमची मुले बिघडवली, अशी ओरड हल्ली आमच्या पेडणे महालात ऐकू येते. वक्ते बोलतात, पालक माना डोलावतात आणि चहा घेऊन मंडळी पांगतात. मला ही ओरड मान्य नाही. मुले बिघडलेली नाहीत; आपण त्यांना उपाशी ठेवले आहे.

आमच्या हरमलच्या किनाऱ्यावर परदेशी पाहुणे वाचून झालेली पुस्तके मागे ठेवून जातात. त्यांतली काळ्या मुखपृष्ठांची जाडजूड पुस्तके गावातल्या नववी-दहावीच्या मुलांच्या हातांत मी पाहतो. स्टेफनी मेयर यांची 'ट्वायलाइट' २००५ सालची, रिशेल मीड यांची 'व्हँपायर अकॅडमी' २००७ ची. पहिलीत शंभरी ओलांडलेला रक्तपिपासू शाळेच्या बाकावर येऊन बसतो. दुसरीत तर या मंडळींची स्वतंत्र निवासी शाळाच आहे. मी ही पुस्तके वाचली आहेत. भाषा सपक, प्रेम पाघळलेले. तरीही एक गोष्ट कबूल केली पाहिजे. सोळा वर्षांच्या मुलाला ती पुरते माणूस समजतात. मरण, ओढ, मैत्रीतला दगा, कुलपात ठेवलेले ज्ञान, हे सारे ती त्याच्यापुढे मांडतात.

आपण काय मांडतो? भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे बाराव्या वर्षापर्यंत सोबत करतो. त्यानंतर एकदम खांडेकरांची 'ययाति'. मधली पाच वर्षे मराठीत कोणी राहतच नाही! त्या वयाच्या मुलासाठी आपल्याकडे आहेत त्या फक्त बोधकथा, आणि त्याही पाठ्यपुस्तकातल्या.

या भुताला परके म्हणणाऱ्यांनी थोडा इतिहास पाहावा. गोव्यात येऊन गेलेल्या आणि १८५१ साली गोव्यावर पुस्तक प्रसिद्ध करणाऱ्या रिचर्ड बर्टनने १८७० मध्ये वेताळपंचविशीतल्या काही कथा इंग्रजीत नेल्या. वेताळासाठी त्याने शब्द योजला तो 'व्हँपायर'. ब्रॅम स्टोकरचा 'ड्रॅक्युला' त्यानंतर सत्तावीस वर्षांनी, १८९७ मध्ये आला. अर्थात दोघे एक नव्हेत. ड्रॅक्युला रक्त मागतो, वेताळ उत्तर मागतो. ठाऊक असून गप्प राहिलास तर डोक्याची शकले होतील, अशी अट घालणारा परीक्षक साऱ्या विलायती भूतशाळांत सापडणार नाही.

सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'तली मंदारवतीची कथा घ्या. एका मुलीवर तीन तरुणांचा जीव जडतो आणि ती मरते. एक जण स्मशानात तिच्या राखेवर निजतो. दुसरा अस्थी घेऊन गंगेवर जातो. तिसरा भटकत असताना एका ब्राह्मणाच्या घरी मेलेल्याला उठवणाऱ्या मंत्राची पोथी पाहतो आणि रात्री ती चोरतो. मुलगी जिवंत होते. आता ती कोणाची? प्रेम, स्मशान, चोरलेली पोथी! यात शाळकरी मुलाला हवे ते काय नाही? पण ही कथा आपण लहानग्यांच्या चित्रमासिकापुरती ठेवली आणि मूल मोठे झाल्यावर वेताळाचे नाव शाळेतून काढून टाकले.

काही सुधारक मित्र म्हणतील, भुते लिहाल तर अंधश्रद्धा वाढेल. मला उलटे दिसते. तेरेखोल ओलांडली की आरवलीला वेतोबाला भल्यामोठ्या चपला वाहतात. तो रात्री गावाची राखण करत फिरतो आणि त्या झिजतात, अशी श्रद्धा आहे. घाडी सांगतो त्या भुतापुढे मुलाने मान तुकवायची असते. गोष्टीतल्या भुताला मात्र तो प्रश्न विचारू शकतो, पुस्तक मिटू शकतो. श्रद्धेची चिकित्सा शिकवायला गोष्टीइतकी निर्धोक जागा नाही.

आणि हे मराठीत जमते. नारायण धारपांनी स्टीफन किंगची 'सेलम्स लॉट' 'लुचाई'त मराठी मातीत रुजवून दाखवली. ती मोठ्यांसाठी. कुमारांसाठी तसे करायला कोणाचा हात धरला आहे?

मला काळजी आहे ती भाषेची. आमच्याकडे घरी कोकणी, भजनात आणि दशावतारात मराठी, शाळेत इंग्रजी. बेळगावकडे कोकणीच्या जागी कन्नड घाला, गोष्ट तीच. जत्रेत संकासूर आला की पोरे आजही दचकतात आणि खदखदून हसतात. तेवढ्या रात्रीपुरती मराठी त्यांची असते. सकाळी ती पुन्हा आरतीची आणि उपदेशाची भाषा होते. ज्या भाषेत मुलाला रात्री भीती वाटत नाही आणि प्रेमाचे पहिले वाक्य सुचत नाही, ती भाषा तो मोठेपणी कशाला सांभाळील? नुसत्या अभिमानावर भाषा टिकली असती, तर आपल्याला चिंताच नव्हती.

म्हणून दिवाळी अंकांच्या संपादकांना माझे सांगणे आहे. पुढच्या अंकापासून पंचवीस पाने चौदा ते अठरा वयासाठी राखा. लेखकांनो, खाडीकाठची जुनी शाळा घ्या, वसतिगृह घ्या, वाळवीने खाल्लेले ग्रंथालय घ्या आणि शेवटच्या बाकावर वेताळाला बसवा. त्याला प्रश्न विचारू द्या. उत्तर ठाऊक असून आपण गप्प बसलो, तर काय होते ते त्याने कधीच सांगून ठेवले आहे.